आमचे मरणारे शेजारी

माझ्या ओळखीपाळखीत आजवर सगळ्यात जास्त वेळा मेलेला माणूस म्हणजे आमचे अप्पर हटचे जपानी शेजारी. बाण लागून, घोड्यावरून पडून, पूल कोसळून, विष पिऊन, तोफेच्या तोंडी आणि एकदा तर रबरी मुखवट्याखाली परग्रहावरचा प्राणी म्हणून, असे ते परदेशी सिनेमांतून वर्षानुवर्षं नेमाने मरत आले होते. आशिया खंडात असा देश क्वचितच उरला असेल, की ज्याच्या वतीने त्यांनी प्राण सोडला नाही. चिनी व्यापारी, मंगोल सरदार, कोरियन डॉक्टर, तिबेटी भिक्षू, सगळे त्यांनी केले आणि सगळे लवकर गेले. तिकडच्या सिनेमांना मध्यंतर नसतं, पण असतं तर हे त्याच्या आतच आटोपले असते. २०१२ साली आम्ही माझ्या नोकरीपायी ऑकलंड सोडून वेलिंग्टनजवळ अप्पर हटला घर घेतलं, तेव्हा आमची पहिली भेटही अशाच एका मरणात झाली. राहायला आल्याच्या दुसऱ्या दिवशी बायको माडीच्या खिडकीतून ओरडली. शेजारच्या हिरवळीवर साठीकडे झुकलेला एक गृहस्थ छाती धरून दोनदा गोल फिरला आणि फुलझाडांत आडवा झाला. मी अँब्युलन्ससाठी १११ ला फोन लावला, त्यांच्या फाटकातून आत धावलो, त्यांच्या शर्टाची बटणं काढायला घेतली. गृहस्थांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, "माफ करा, मी जिवंत आहे." मागोमाग अँब्युलन्स आली. तिच्यातल्या माणसाने खिडकीतूनच हात केला आणि मला म्हणाला, "नवीन आलात का?"

त्या प्रकाराबद्दल त्यांनी पुढे महिनाभर माझी माफी मागितली. सकाळी ऑफिसला जाताना फाटकापाशी माफी, संध्याकाळी येताना माफी, आणि मधल्या वेळात बायकोला फिजोआ. फिजोआ नावाचं एक हिरवं फळ इकडे शरद ऋतूत घरोघरी इतकं येतं, की लोक ते शेजाऱ्यांच्या दारात पिशव्या भरून ठेवून पळ काढतात. यांनी मात्र एकेक फळ कागदात गुंडाळून, दोन्ही हातांनी, वाकून दिलं. आम्ही रीत म्हणून एका डब्यातून शंकरपाळे पाठवले, त्यांनी त्या डब्यातून लोणचं पाठवलं, आम्ही चिवडा पाठवला. रिकामा डबा परत करायचा नाही हा नियम त्यांच्याकडेही तितकाच कडक निघाल्यामुळे तो डबा सहा वर्षं विसावला नाही.

विसावणं हे त्या कुंपणापलीकडे कुणालाच माहीत नव्हतं. हे गृहस्थ बसून चहा पीत नसत, उभ्याने पीत, आणि तोही चालता चालता. त्यांच्या आयुष्याची दोरी ऑकलंडमधल्या एका एजंटबाईच्या हाती होती. तिचा फोन आला की काम, नाही आला तर काहीच नाही. त्यामुळे फोनची वाट पाहणं हाच त्यांचा खरा व्यवसाय होता आणि तो ते संपूर्ण घर वापरून करत. सोफा पूर्वेकडून पश्चिमेला जाई, पुस्तकं उंचीप्रमाणे लागत, मग रंगाप्रमाणे. ते स्टेशनवर जात, आगगाडीने वेलिंग्टनला उतरत आणि त्याच गाडीने परत येत. कधी मला ऑफिसात फोन करून सांगत, "कृपया मला एकदा फोन करा. चालू आहे का बघायचं आहे." मी करी. "येतो आहे," ते निराशेने म्हणत, "म्हणजे एजंटचा बिघडला असणार." आमच्या दोन घरांच्या मधलं झुडपांचं कुंपण ते अस्वस्थ झाले की छाटायला घेत. मी आलो तेव्हा ते माझ्या डोक्याएवढं होतं. एक वर्ष त्यांना अजिबात काम मिळालं नाही, त्या वर्षात ते गुडघ्यापर्यंत आलं, आणि आम्हाला एकमेकांची स्वयंपाकघरं दिसू लागली. आमची खरी मैत्री तेव्हापासूनची.

मीही काही फार स्वस्थ प्राणी नाही. परदेशात राहिलेला माणूस मनातल्या मनात एक बॅग कायम भरून ठेवतो, तसा मी. त्यामुळे संध्याकाळी आम्ही दोघे नदीकाठाने वाऱ्यातून भराभर चालायचो आणि ते मला त्यांच्या धंद्यातली सुखदुःखं सांगायचे. जपानमध्ये ते टीव्हीवरच्या ऐतिहासिक मालिकांत तलवारीने कापले जाणारे होते. "आमच्याकडे मरायला वेळ देतात," ते म्हणायचे. "माणूस मरताना मित्राला निरोप देतो, आईची आठवण काढतो, थोडा पाऊस पडतो. इथे डायरेक्टर म्हणतो, लव्हली, आता जरा फास्ट." शूटिंग संपलं की सेटवरच्या प्रत्येकाला 'आज तुम्ही फार दमलात' असं म्हणायची त्यांच्याकडे पद्धत. ती त्यांनी इथेही चालू ठेवली. मेकअपच्या मुलीला वाकून तसं म्हणाले, तर ती घाईघाईने आरशात बघायला गेली. एकदा तर त्यांना चक्क जपानी सेनापतीचं काम मिळालं. आता तरी उच्चारांची कटकट नाही, असं मला वाटलं. पण उच्चार शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की तुमचं इंग्रजी पुरेसं जपानी वाटत नाही. बाईंचं चुकत नव्हतं. अप्पर हटच्या डेअरीवर, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, दूध-पाव घेता घेता या सेनापतींच्या तोंडी 'हीप्स' आणि 'स्वीट अ‍ॅज' ही इथली गावठी बोली बसली होती. मग दोन आठवडे ते आमच्या कुंपणापाशी उभे राहून जपानी माणसासारखं बोलण्याची तालीम करत होते. तिसऱ्या आठवड्यात सेनापती तंबूसकट जळाले.

हे सगळं ते हसून सांगत, पण एक गोष्ट सांगताना त्यांची चाल मंदावे. त्यांची आई जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर एका लहान गावात राहत होती. वय नव्वदच्या आसपास. गावात थिएटर नाही, जवळच्या शहरात आहे. पहिले काही सिनेमे ती मुलीला घेऊन हौसेने बघून आली. पण दर वेळी मुलगा मरायचा, आणि दुसऱ्या दिवशी सार्वजनिक स्नानगृहात शेजारणी तिला हळहळून सांगायच्या, "काल तुमचा मुलगा पुन्हा गेला हो." शेवटी तिने जाणंच बंद केलं. फोनवर म्हणाली, "तुला मेलेला बघायला मी आता येणार नाही. ज्यात तू सिनेमा संपेपर्यंत जिवंत असशील, तो आला की सांग. आणि जरा लवकर कर, माझंही वय झालं." तेव्हापासून हा माणूस एका भूमिकेच्या शोधात होता. मोठी नको, पैशांची नको, फक्त जिवंत राहणारी, आणि जमलं तर चार वाक्यं बोलणारी.

इथल्या सिनेमात हल्ली कामासाठी कुणी समोर बोलावत नाही. प्रवेशाचा उतारा ई-मेलने येतो, तो आपण घरी कॅमेऱ्यासमोर करायचा आणि त्याची टेप पाठवून द्यायची. समोरच्या पात्राची वाक्यं कॅमेऱ्यामागून कुणीतरी वाचावी लागतात. ते कुणीतरी म्हणजे मी. दिवसभर कॉम्प्युटरशी डोकेफोड करून आलेला मी त्यांच्या बैठकीच्या खोलीत उभा राहून कधी इंग्रज कप्तान होई, कधी विधवा, कधी जहाजावरचा कुत्रा. एकदा मला विधवेचं दुःख अगदी आतून जाणवलं आणि मी थोडा हुंदका दिला. त्यांनी कॅमेरा बंद केला. "तुमचा अभिनय उत्तम आहे," ते फार सभ्यपणे म्हणाले, "पण काम मला मिळायला हवं आहे." त्यानंतर मी रेल्वेच्या घोषणेसारखा वाचत गेलो.

२०१६ च्या मार्चमध्ये माझी आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झालेली, त्यामुळे इंग्रजी वाचायला ती कचरत नाही आणि अनोळखी माणसाशी बोलायला तर मुळीच नाही. त्या दोघांचं मेतकूट कसं जमलं हे मला कळलंच नाही. ते तिला 'आई-सान' म्हणत. ती त्यांना मराठीत सांगे, "अहो, बसा की जरा. घोडं तरी टेकतं कधी." आणि ते मान डोलावून उभेच राहत. मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही नवरा-बायको पामर्स्टन नॉर्थला एका मित्राच्या वास्तुशांतीला गेलो. गुडघा दुखतो म्हणून आई घरी थांबली. दुपारी परतलो, तर आमच्या बैठकीत कॅमेऱ्याची तिपाई उभी, आई खुर्चीत हातात कागद घेऊन आणि शेजारी दाराशी, घामाघूम. सकाळी एजंटबाईचा फोन आला होता. एका मोठ्या सिनेमात पुरात घर गेलेल्या म्हाताऱ्याचं काम आहे, चार मिनिटांचं सलग भाषण आहे, म्हातारा शेवटच्या दृश्यातही जिवंत आहे, चित्रण जवळच्याच पोरिरुआच्या किनाऱ्यावर आहे, आणि टेप अमेरिकेला आजच दुपारी बारापर्यंत पोचली पाहिजे. मी नव्हतो. म्हणून त्यांनी आईला विनंती केली. टेप पाठवूनही झाली होती.

त्यांनी ती मला दाखवली. भूमिका अशी, की हा म्हातारा एका प्रवासी मुलीला पुराच्या दिवसाची गोष्ट सांगतो. तो बायकोला शोधत गावभर फिरतो, आणि ती शेवटी शाळेच्या वरच्या मजल्यावर कुणाच्यातरी पोराच्या शर्टाला बटण लावत बसलेली सापडते. मुलीला सुरुवातीला दोन वाक्यं, बाकी तिने गप्प ऐकायचं. आईने ती दोन वाक्यं खणखणीत वाचली. पुढे गप्प राहणं काही तिला जमलं नाही. शेजारी बोलायला लागले आणि कॅमेऱ्यामागून आवाज आला, "हं." थोड्या वेळाने पुन्हा, "हं... हं." पाणी चढायला लागलं तशी आई म्हणाली, "अगं बाई." आणि ते एका ठिकाणी थांबले, जिथे नटाने खास थांबायचं असतं, तिथे आईने हलक्या आवाजात विचारलं, "मग?"

मी टेप थांबवली. "आई, अगं तुला कुणी बोलायला सांगितलं होतं?"

"मी कुठे बोलले?" आई म्हणाली. "तो माणूस एवढं सांगतोय, त्याला नुसतं हं तरी म्हणायला नको? एक्स्चेंजमध्ये आपण हं म्हटलं नाही, तर माणूस हॅलो हॅलो करत बसायचा. त्याला वाटायचं, लाइन गेली."

मी शेजाऱ्यांकडे वळून माफी मागू लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि त्या दिवशी प्रथमच मला ते अडखळत, शब्द शोधत बोलताना दिसले. म्हणाले, "आमच्याकडेही तसंच असतं. कुणी बोलत असलं की ऐकणाऱ्याने सारखा हुंकार द्यायचा. मी इथे आलो तेव्हा तसाच द्यायचो. साउंडवाले ओरडायचे, माझा आवाज दुसऱ्याच्या वाक्यावर येतो म्हणून. मी सवय मोडली. आता समोरचा नट मी बोलताना नुसता बघतो. फार चांगले नट आहेत, डोळ्यांनी ऐकतात. पण मला दर वेळी वाटतं, मी भिंतीशी बोलतो आहे. आज अठरा वर्षांनी मला कुणीतरी 'मग' म्हणालं. आणि मला पुढचं खरोखर सांगावंसं वाटलं." एवढं बोलून ते कुंपण छाटायला निघून गेले. काम गेलं याविषयी आम्हा कुणालाच शंका नव्हती. आई दोन दिवस नीट जेवली नाही.

तीन आठवड्यांत कुंपणाचे नुसते खुंट उरले. मग फोन आला. दिग्दर्शकबाईंना टेप आवडली होती. व्हिडिओ कॉलवर दुसरी फेरी घ्यायची होती, आणि शक्य असल्यास कॅमेऱ्यामागच्या त्या बाईच हव्या होत्या. आई इस्त्रीचं लुगडं नेसून बसली. कॅमेऱ्यात आपण दिसणार नाही हे तिला मी तीनदा सांगितलं, पण तिचं म्हणणं, शेजाऱ्यांना तर दिसतो ना आपण. दुसऱ्या फेरीतही तिने मनापासून हुंकार दिले, आणि काम शेजाऱ्यांना मिळालं. ही बातमी त्यांनी सांगितली तेव्हा आईने त्यांच्या हातावर साखर ठेवली. ती त्यांनी खाल्ली, वाकले, आणि धावतच घरात जाऊन जपानला फोन लावला. पलीकडे काय बोलणं झालं ते कळायला भाषा लागली नाही.

आई सप्टेंबरात परत गेली आणि पुढल्या उन्हाळ्यात चित्रण झालं. सेटवर पुन्हा तेच झालं. समोरची तरुण नटी डोळ्यांत पाणी आणून उत्तम ऐकत होती आणि यांना वाक्य सुचेना. तिसऱ्या वेळी त्यांनी धीर करून दिग्दर्शकबाईंना खरं ते सांगितलं. बाईंनी त्या पोरीला हुंकार द्यायला शिकवलं, साउंडवाला तोंड फुगवून बसला, आणि भाषण एका दमात पार पडलं. २०१८ मध्ये सिनेमा आला. वेलिंग्टनच्या थिएटरात आम्ही नवरा-बायको आणि ते शेजारी शेजारी बसलो. मुलीचे हुंकार नंतर पुसून टाकले होते, पण भाषण सगळंच्या सगळं होतं आणि शेवटच्या दृश्यात म्हातारा जिवंतपणे रोपं लावत होता. माझे डोळे भरून आले हे मी लपवत नाही. ते मात्र पडद्याकडे बघतच नव्हते, आमच्या चेहऱ्यांकडे बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "आता फक्त जपान."

जपानमध्ये तो चार महिन्यांनी लागला. बहीण आईला घेऊन शहरात जाणार तो शनिवार ठरला होता. त्या दिवशी शेजाऱ्यांनी खिडक्या दोनदा पुसल्या. संध्याकाळी मी डोकावलो, तर ते मागच्या पायरीवर बसले होते. नुसते बसले होते. सहा वर्षांत त्यांना असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं, म्हणून मला धस्स झालं. मी विचारलं, आई बऱ्या आहेत ना?

"बरी आहे. सिनेमा शेवटपर्यंत बघितला तिने," ते म्हणाले. "तिकडे तो जपानीत करून लावला आहे. सगळ्या पात्रांचे आवाज बदलले. माझाही. मी जपानी आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही की काय, मला कुणी विचारलंच नाही. टोकियोतल्या कुण्या चांगल्या नटाने माझं भाषण बोललं आहे. आई म्हणाली, तो म्हातारा फार छान बोलला, मी रडले. पण तो तू नव्हतास. चेहरा तुझा होता. आवाज मला माहीत आहे तुझा, तू शाळेतून येताना गल्लीच्या टोकापासून ओरडायचास." पुढे ते म्हणाले, "मग तिने विचारलं, तुझा सिनेमा कधी येणार?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, पण राग कुणावर काढायचा ते कळेना. टोकियोच्या नटाने आपलं काम केलं होतं. शेवटी तेच म्हणाले, की मी जाऊन येतो, तिला समोर बसवून ऐकवतो. दोन आठवड्यांचं तिकीट काढलं. मी त्यांना विमानतळावर सोडलं. जाताना त्यांनी घराची किल्ली दिली आणि रोपांना पाणी घालायला सांगितलं.

दोन आठवड्यांनी ते आले नाहीत. सहा आठवड्यांनी ई-मेल आली. त्यांनी ते भाषण स्वतः बसून जपानीत उतरवलं होतं आणि आल्या दिवशीच जेवण झाल्यावर आईपुढे करून दाखवलं होतं. तिला अतिशय आवडलं. दुसऱ्या दिवशी तिला त्यातलं काहीच आठवेना. ती म्हणाली, अरे, तू काहीतरी करून दाखवणार होतास ना? त्यांनी पुन्हा केलं. तेव्हापासून रोज दुपारी एक प्रयोग होतो. "प्रेक्षक एकच आहे, पण फार चांगला आहे," त्यांनी लिहिलं होतं. "पाणी चढायला लागलं की ती माझी बाही धरते. या गोष्टीत मी वाचतो की नाही, याची तिला रोज नव्याने काळजी वाटते. एजंटबाईंना कळवलं आहे, की मी कामात आहे."

त्यांच्या घरात आता एक तरुण जोडपं भाड्याने राहतं. माणसं भली आहेत, भेटली की 'किया ओरा' म्हणून नमस्कार करतात, आणि त्यांनी मधे लाकडी फळ्यांचं उंच कुंपण घातलं आहे. आता आम्हाला त्यांचं स्वयंपाकघर दिसत नाही. मी संध्याकाळी नदीकाठाने एकटा चालतो आणि वारा असला की लवकर परत येतो. मध्यंतरी साताऱ्याला फोन केला तेव्हा आईने विचारलं, "ते जपानी परत यायचे आहेत की नाही?" मी म्हणालो, बहुतेक नाही. ती म्हणाली, "बरं झालं." फोन चालू होता. थोड्या वेळाने मी म्हणालो, डिसेंबरात येतो. गेल्या वर्षीही मी हेच म्हणालो होतो, आणि ते आम्हा दोघांनाही आठवत होतं.